बैल गेला नाही, झोपा करायचाय!

लस म्हणजे आजार होऊ नये म्हणून, हे आपल्याला शाळेपासून पाठ. मग आजार झाल्यावर द्यायची लस ही काय भानगड आहे? परळच्या एका लॅबपासून पवईच्या एका छोट्या कंपनीपर्यंतची ही गोष्ट. आणि नेरसारख्या गावापर्यंत पोचायला तिला अजून किती चालायचंय, त्याचीसुद्धा!

लस कधी घ्यायची? अर्थात, आजार होण्याआधी! पोलिओ, गोवर, कोविड... यात डोकं खाजवण्यासारखं काय आहे? दुखणं आल्यावर लस टोचून घ्यायची म्हणजे बैल गेला नि झोपा केला. आजीला सांगितलं तर तीसुद्धा हसेल.

पण जरा थांबा. बैल खरंच गेलाय का? चोर गोठ्यात शिरलाय, हे खरं. पण बैल अजून आतच आहे आणि घरातली माणसं गाढ झोपलीत. अशा वेळी कुणी येऊन त्यांना हलवून जागं केलं आणि चोराचा चेहरा दाखवला, तर? थेराप्युटिक व्हॅक्सिन, म्हणजे उपचाराच्या लसीचा फंडा नेमका हाच आहे. शरीरात शिरलेल्या जंतूला किंवा बिघडलेल्या पेशीला आपली प्रतिकारशक्ती ओळखत नसेल, तर तिला ओळखायला शिकवायचं. मारामारी ती स्वतःच करेल!

याच्या जवळचं उदाहरण तर आपल्या गल्लीतच आहे. कुत्रं चावल्यावर आपण धावत जाऊन रेबीजची लस घेतो ना? तिथे जंतू आधी शरीरात गेलेला असतो आणि लस त्याच्याशी शर्यत लावते. १८८५ मध्ये लुई पाश्चरने हीच शर्यत पहिल्यांदा जिंकली. उपचाराची लस त्याच्याही एक पाऊल पुढे जाते. इथे आजार नुसता दाराशी आलेला नसतो, घरात मुक्काम ठोकून बसलेला असतो.

नेर कुठे आलं यात?

अमरावतीहून यवतमाळला निघालात की वाटेत नेर लागतं. सरकारी कागदावर नेर परसोपंत. कापूस, सोयाबीन आणि तूर पिकवणारा तालुका. हिंजवडीतल्या किंवा एअरोलीतल्या तुमच्या ऑफिसात त्या पट्ट्यातला एखादा तरी असेलच. नसेल तर पुढच्या बॅचमध्ये येईल!

बायोटेकची एखादी चकाचक लॅब नेरमध्ये नाही. पण उपचाराच्या लसीची भारतातली गोष्ट ज्या आजारापासून सुरू होते, तो या भागाला नवा नाही. कुष्ठरोग. विदर्भात त्याला महारोग म्हणायचे आणि तो झाला की माणसाला गावाबाहेर काढायचे. म्हणून तर १९३६ मध्ये मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला काम उभं केलं. १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीत तपोवन सुरू केलं. मग वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन आलं. नेरच्या माणसाला ही तिन्ही नावं सांगायला लागत नाहीत.

या मंडळींनी माणसांना आसरा दिला, काम दिलं, मान दिला. त्याच काळात मुंबईत काही लोक वेगळ्याच प्रश्नाच्या मागे लागले होते. काही रुग्णांचं शरीर या जंतूला साधा प्रतिकारही का करत नाही?

परळची लॅब

कुष्ठरोगाचा जंतू भलताच हट्टी. शरीराबाहेर, काचेच्या बशीत तो वाढतच नाही. जंतू वाढवता येत नाही, तर लस कशापासून बनवणार?

परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये १९५८ साली डॉ. वसंत खानोलकर, डॉ. कमल रणदिवे आणि डॉ. सी. व्ही. बापट यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून एक जंतू मिळवला आणि तो वाढवून दाखवला. संस्थेच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला आयसीआरसी बॅसिलस म्हणू लागले. कमल रणदिवे म्हणजे पुण्याच्या मुलगी, फर्ग्युसनच्या विद्यार्थिनी. पुढे १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

हा जंतू म्हणजे कुष्ठरोगाचा मूळ जंतू नव्हे, तो त्याच्या भावकीतला. पण भावकीतल्या माणसाचा चेहरा बराचसा जुळतो! १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. मा. ग. देव आणि डॉ. बापट यांनी त्याच जंतूला गॅमा किरणांनी मारून त्याची लस बनवली. रोग हाडीमासी मुरलेल्या, शरीर अजिबात प्रतिकार करत नसलेल्या रुग्णांना ती दिली. त्यातल्या अनेकांच्या शरीराने पहिल्यांदाच जंतूची दखल घेतली. झोपलेली माणसं जागी होऊ लागली होती!

त्याच सुमारास दिल्लीत डॉ. जी. पी. तलवार भावकीतल्या दुसऱ्या एका जंतूवर काम करत होते. त्याचं नाव एमडब्ल्यू. गोळ्यांच्या नेहमीच्या कोर्ससोबत ही लस दिली, तर शरीरातले जंतू लवकर कमी होतात असं त्यांच्या टीमला दिसलं. २००९ मध्ये या जंतूला रीतसर नाव मिळालं, मायकोबॅक्टेरियम इंडिकस प्राणी. त्यातलं ‘प्राण’ हे तलवारांच्या नावातलं.

म्हणजे एकाच आजारावर, एकाच देशात, दोन लसी. मग पुढे काय झालं?

मार्क कुणाला, नोकरी कुणाला!

खरा ट्विस्ट इथे आहे. १९९१ ते ९३ या काळात तमिळनाडूत एक प्रचंड मोठी चाचणी झाली. सुमारे १ लाख ७१ हजार लोकांना लस किंवा नुसतं मिठाचं पाणी टोचण्यात आलं आणि पुढे अनेक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. प्रश्न उपचाराचा नव्हता, प्रतिबंधाचा होता. निरोगी माणसाला ही लस कुष्ठरोगापासून वाचवते का? १९९८ मध्ये डॉ. मो. द. गुप्ते आणि सहकाऱ्यांनी निकाल छापला. परळच्या आयसीआरसी लसीचं संरक्षण ६५.५ टक्के. बीसीजीचं ३४.१ टक्के. आणि दिल्लीच्या एमडब्ल्यूचं २५.७ टक्के.

दिल्लीच्या लसीबद्दलही खरं सांगायला हवं. उत्तर प्रदेशात कानपूर देहात भागात तिची वेगळी चाचणी झाली. रुग्णांच्या घरच्या माणसांवर तिचा परिणाम पहिल्या तीन वर्षांत बराच चांगला दिसला आणि मग हळूहळू ओसरत गेला. म्हणजे तीही काही नापास नव्हती.

पण आज डॉक्टर चिठ्ठीवर कुठली लस लिहू शकतो? दिल्लीची! अहमदाबादच्या कॅडिला फार्मास्युटिकल्सने ती बनवायला घेतली, १९९८ मध्ये तिला मंजुरी मिळाली आणि ‘इम्युव्हॅक’ या नावाने ती बाजारात आली. परळच्या लसीचे मार्क जास्त, पण डॉक्टरांच्या रोजच्या कपाटात ती काही आली नाही.

याला एकच कारण नव्हतं. १९८३ पासून भारतात एमडीटी, म्हणजे अनेक औषधांचा एकत्र कोर्स सुरू झाला होता आणि तो लागू पडत होता. रुग्णसंख्या झपाट्याने घटली. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचं सरकारने जाहीर केलं. ज्या आजाराचे रुग्ण कमी, त्याही गरीब, त्याच्या लसीचा कारखाना कोण टाकणार? (आजार मात्र गेलेला नाही. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून जास्त अजूनही भारतात सापडतात.)

तरीही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. चांगला रिझल्ट आणि औषध यांच्यामध्ये एक लांबलचक रस्ता असतो. तो रस्ता कुणीतरी चालावा लागतो.

मधला रस्ता

लॅबमध्ये दहा बाटल्या बनवणं वेगळं आणि दहा हजार बाटल्या हुबेहूब तशाच बनवणं वेगळं. आईच्या हातचं पिठलं आणि हॉटेलचं रोजचं मेन्यूकार्ड यात जो फरक, तोच!

प्रत्येक बॅच सारखी हवी. ती निर्जंतुक हवी. फ्रीजमध्ये किती महिने टिकते, हे सिद्ध करायला हवं. प्राण्यांवर चाचणी, मग थोड्या माणसांवर, मग जास्त माणसांवर. प्रत्येक पायरीला फाइल आणि प्रत्येक फाइलला सरकारी प्रश्न. या कामाला नोबेल मिळत नाही. प्रोफेसरला ते करायला वेळ नसतो आणि मोठ्या फार्मा कंपनीला धोका नको असतो. म्हणूनच जगभर हा मधला रस्ता छोट्या बायोटेक कंपन्या चालतात. मूठभर माणसं, एक आयडिया आणि संपत चाललेलं बँक बॅलन्स!

पडलं तर किती जोरात पडतं, हेही बघा. अमेरिकेत सिएटलची डेंड्रिऑन नावाची कंपनी होती, १९९२ मध्ये सुरू झालेली. प्रोस्टेट कॅन्सरवर उपचाराची लस, एवढंच तिचं वेड. रुग्णाच्याच पेशी काढायच्या, त्यांना कॅन्सर ‘ओळखायला’ लावायचं आणि परत शरीरात सोडायच्या. अठरा वर्षांनी, एप्रिल २०१० मध्ये, ‘प्रोव्हेंज’ला मंजुरी मिळाली. कॅन्सरवर उपचार करणारी अशी मंजूर लस अमेरिकेने पहिल्यांदाच पाहिली. कोर्सची किंमत ९३ हजार डॉलर. आयुष्य सरासरी चारेक महिन्यांनी वाढायचं. नोव्हेंबर २०१४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला! लस मात्र दुसऱ्या मालकांकडे जगली.

जर्मनीत २००८ मध्ये उगुर शाहीन आणि ओझलेम त्युरेजी या डॉक्टर नवरा-बायकोने बायोएनटेक काढली, तीही कॅन्सरच्या लसींसाठीच. मध्येच कोविड आला, फायझरसोबत केलेल्या लसीने त्यांचं नाव घरोघरी गेलं आणि मग ते परत आपल्या जुन्या कामाकडे वळले.

पवईचा स्टार्ट-अप

आता आपल्या मुंबईत या. आयआयटी पवईत प्रा. राहुल पुरवार यांची लॅब. अलका द्विवेदी, अथर्व कारुळकर असे तरुण संशोधक. त्यांनी जे केलं ती तंतोतंत लस नव्हे, पण तिची सख्खी बहीण म्हणा. लस शरीराच्या आतल्या पेशींना शिकवते. इथे पेशींना बाहेर काढून क्लास लावतात! रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी वेगळ्या काढायच्या, त्यांच्यात एक नवा जीन घालायचा, त्या कॅन्सरच्या पेशीवरची खूण ओळखू लागल्या की त्यांची फौज वाढवायची आणि सलाइनमधून परत रुग्णाला द्यायची. याला म्हणतात कार-टी सेल थेरपी.

२०१८ मध्ये यातून इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी निघाली. आयआयटीच्या इन्क्युबेटरमध्ये वाढली. टाटा मेमोरियलचे डॉक्टर सोबत होते. केंद्र सरकारच्या बायरॅक या संस्थेकडून प्रकल्पाला १९ कोटींहून अधिक निधी मिळाला आणि २०२१ मध्ये लॉरस लॅब्जने कंपनीत पैसे गुंतवले. ४ जून २०२१ रोजी खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये पहिल्या रुग्णाला ही थेरपी दिली गेली. आणि गंमत बघा, अ‍ॅक्ट्रेक म्हणजे कोण? परळच्या त्याच जुन्या कॅन्सर संशोधन संस्थेचा नवा संसार!

ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार-१९’ला मंजुरी मिळाली. ठरावीक प्रकारचे रक्ताचे कॅन्सर आणि लिम्फोमा, इतर उपचारांनी न हटलेले किंवा उलटलेले, एवढ्यांसाठीच. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटीत तिचं लोकार्पण केलं. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त निकाल आले. तपासता आलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्क्यांना फायदा झाला होता. हे सगळे असे रुग्ण, की ज्यांच्यापुढचे बाकीचे रस्ते जवळपास संपले होते.

म्हणजे या वेळी मधला रस्ता कुणीतरी चाललं. लॅब होती, हॉस्पिटल होतं आणि दोघांच्या मध्ये कंपनीसुद्धा होती.

आणि बिल?

अशीच थेरपी अमेरिकेत २०१७ मध्ये पहिल्यांदा आली, तेव्हा नुसत्या औषधाची किंमत होती ४ लाख ७५ हजार डॉलर. नेक्सकारची किंमत ३० ते ४० लाख रुपयांच्या घरात असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. दहा पटींचा फरक! मुंबईत चांगल्या पॅकेजवर असलेला माणूस कर्ज काढून, फ्लॅटचा विचार पुढे ढकलून कदाचित हे जमवेलही.

पण समजा, तोच आजार नेरच्या एखाद्या शेतकऱ्याच्या पोराला झाला, तर? आधी यवतमाळचं वसंतराव नाईक सरकारी मेडिकल कॉलेज. तिथून सेवाग्राम किंवा नागपूर. शेवटी बडनेऱ्याहून रात्रीची गाडी आणि सकाळी मुंबई. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, जागा मिळाली तर. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातलेच. त्यांच्या नावाची ही धर्मशाळा आजही टाटाच्या रुग्णांना आसरा देते, ही विदर्भाने मुंबईत करून ठेवलेली केवढी मोठी सोय!

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कवच आहे कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं. त्या ५ लाखांनी नेहमीच्या उपचारांचा मोठा भार हलका होतो. पण ५ आणि ३० यांच्यामधलं अंतर नेर ते मुंबईपेक्षा लांब आहे.

शिवाय नेर-यवतमाळकडे पानठेल्यावर खर्रा घोटून देतात, त्याने होणारा तोंडाचा कॅन्सर यात बसतच नाही. कार-टी अजून रक्ताच्या कॅन्सरवरच चालते. गाठीच्या कॅन्सरसाठी जगभर लसींची खटपट सुरू आहे. मॉडर्ना आणि मर्क मिळून प्रत्येक रुग्णाच्या गाठीचे बदल वाचून त्याच्यापुरती वेगळी लस बनवताहेत. त्वचेच्या मेलानोमावर इतर औषधासोबत ती दिल्यावर आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी घटल्याचं २०२२ मध्ये दिसलं. आशा आहे, पण माणसागणिक वेगळी लस म्हणजे माणसागणिक वेगळं बिल!

उलट टोकाचं उदाहरणही आहे, आणि ते पुण्याचं. बीसीजी, तीच आपल्या दंडावर खूण ठेवणारी लस, मूत्राशयाच्या सुरुवातीच्या कॅन्सरवर नळीने थेट आत सोडतात. कॅनडात डॉ. मोरालेस यांनी १९७६ मध्ये हे दाखवून दिलं. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट त्यासाठी ‘ऑन्को-बीसीजी’ बनवते. जुना जंतू, जुनं तंत्र, पण चालतंय! म्हणजे उपचाराची लस महागच असावी, असा काही नियम नाही.

चौकट : ‘कॅन्सरवर लस आली!’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तर...

डिसेंबर २०२४ मध्ये रशियाने कॅन्सरवर लस केल्याची बातमी आली आणि प्रत्येक फॅमिली ग्रुपवर ती फिरली. पुढच्या वेळी फॉरवर्ड करण्याआधी हे चार प्रश्न विचारा.

१. होऊ नये म्हणून, की झाल्यावर? सीरमची ‘सर्व्हावॅक’ गर्भाशयमुखाचा कॅन्सर टाळण्यासाठी आहे. झालेला कॅन्सर ती बरा करत नाही.

२. कुठला कॅन्सर? ‘कॅन्सर’ हा एक आजार नाही, शेकडो आहेत. सगळ्यांवर एकच लस असं कुणी म्हणालं, की सावध!

३. किती माणसांवर तपासली? उंदरावर झालं म्हणजे माणसावर होईलच असं नाही.

४. मंजुरी आहे का? औषधांना मंजुरी देणारी केंद्र सरकारची संस्था म्हणजे सीडीएससीओ. भारतातल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआयच्या यादीत कुणालाही बघता येते. पण नोंद म्हणजे मंजुरी नव्हे. आणि चाचणीत भाग घ्यायला रुग्णाने पैसे मोजायचे नसतात. कुणी मागत असेल, तर तिथून उठा.

तुमचं काय काम?

बायोटेक म्हणजे फक्त पांढरा कोट आणि पीएच.डी., असा एक गैरसमज आहे. मधल्या रस्त्यावर सगळ्याच प्रकारची माणसं लागतात. मंजुरीच्या फाइली बांधणारे, चाचणीचे आकडे तपासणारे, थंड पेटीतून पेशी वेळेत पोचवणारे, मशीनचा खर्च निम्म्यावर आणणारे इंजिनीअर आणि विम्याच्या योजनेत हे कसं बसेल याचं गणित मांडणारे सीए. पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर २००७ पासून अशा छोट्या कंपन्यांना जागा आणि उपकरणं देतंय. पहिल्या वर्षी आयटीइतका पगार मिळेल का? बहुतेक नाही!

पण परळच्या लसीचं काय झालं, ते आठवा. तिथे विज्ञान कमी पडलं नव्हतं. तिला बाटलीत भरून, तपासून, मंजूर करून, स्वस्तात गावापर्यंत नेणारं कुणी उभं राहिलं नाही. पवईने त्यातला निम्मा रस्ता करून दाखवलाय. उरलेला निम्मा बडनेऱ्याला गाडीतून उतरून पुढे नेरच्या एसटीत बसतो. तो चालायला अजून कुणी आलेलं नाही. जागा रिकामी आहे!